पाच मीटरच्या आत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी वायरींबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. गोष्ट वायरीची असली, तरी तिच्यात एका आजीचा अंगठा आहे, दुष्काळातल्या काही दुपारी आहेत आणि माझी स्वतःची एक चूक आहे. ती चूक कशी घडली, तिथूनच सुरुवात करतो.

जालन्यात संगणक दुरुस्तीचं माझं लहानसं दुकान. २०१३ चा उन्हाळा होता. त्या वर्षी जालना जिल्ह्यानं काय भोगलं ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या, टँकरच्या मागे माणसं धावत होती. त्याच दिवसांत गावोगाव आधार नोंदणी चालू होती. महाराष्ट्रात तिची सुरुवात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली होती. आमच्याकडेही केंद्रांवर रांगा लागत होत्या. आधार नसेल तर पुढे अनुदान अडेल, पगार अडेल, अशी धास्ती लोकांच्या मनात बसली होती.

घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात असं एक केंद्र होतं. तिथला मुलगा माझा जुना गिऱ्हाईक. त्याचा फोन आला, "भाऊ, एक चक्कर मारता का? मशीन सकाळी नीट चालतं, दुपारी बोटं घेत नाही. लोकं माझ्यावर ओरडायलेत."

मी गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. टेबलापुढं एक आजी बसल्या होत्या. चारही बोटं काचेवर दाबून धरलेली. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच संदेश, ठसा मिळाला नाही. मुलगा म्हणाला, "आजी, तुमच्या रेषाच झिजल्यात. उन्हानं बोटं कोरडी पडतेत. उद्या सकाळी या." आजी शांतपणे उठल्या. म्हणाल्या, "परवाच्या दिशी बी आले होते, लेकरा. खुरपं धरू धरू बोटं गेली माझी. मशीनचा काय दोष?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मशीनचा काय दोष! श्रोतेहो, दोष मशीनचा नव्हताच. बोटांचाही नव्हता. तो वायरीचा होता, आणि ती वायर माझ्या दुकानातून गेली होती.

पण हे समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जालन्यात संगणकाची दुकानं, डीटीपीची दुकानं, पुढे सायबर कॅफे निघाले. त्या काळात संगणकाच्या पाठीमागं पाहिलं, तर प्रत्येक उपकरणाचं भोक वेगळं होतं. कीबोर्डचं गोल, माउसचं गोल किंवा नऊ पिनांचं, प्रिंटरचं पंचवीस पिनांचं रुंद, पडद्याचं पंधरा पिनांचं. प्रिंटर एकच लावता यायचा, कारण त्याची जागाच एक असायची. माउस एका सिरियल पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्या क्रमांकाच्या पोर्टवर लावला, की इंटरनेट सुरू होताच माउस जागीच थिजायचा. याचं कारण असं, की पहिल्या आणि तिसऱ्या पोर्टला संगणकाचं लक्ष वेधून घेण्यासाठी मिळून एकच घंटी होती. दोघांनी एकदम वाजवली, की कुणाला ओ द्यावी हे संगणकाला कळायचं नाही.

लग्नपत्रिका छापणाऱ्या काही डीटीपीवाल्यांकडे चांगले स्कॅनर असायचे. ते स्कझी नावाच्या कार्डावर चालायचे. एका साखळीत एकामागून एक उपकरणं जोडायची, पण कार्ड धरून फक्त आठ. सगळी केबल मिळून साधारण सहा मीटरच्या आत. आणि साखळीच्या दोन्ही टोकांना एक बूच लावायचं, त्याला टर्मिनेटर म्हणत. ते बूच विसरलं, तर सिग्नल टोकावर आदळून परत यायचा, जसा आडात मारलेल्या हाकेचा प्रतिध्वनी येतो. मग स्कॅनर कधी दिसे, कधी नाहीसा होई. "भुताटकी आहे," असं म्हणणारे मालक मी पाहिलेत.

आणि आपल्या जालन्यात आणखी एक जागा होती जिथं वायरीची मर्यादा रोज भेटायची. ती म्हणजे वजनकाटा. औद्योगिक वसाहतीतले स्टीलचे कारखाने असोत की कापसाच्या जिनिंग, भंगाराचा किंवा कापसाचा ट्रक काट्यावर चढला, की वजन दाखवणाऱ्या डब्यातून ते सिरियल वायरीनं संगणकात जातं आणि पावती निघते. या सिरियल जोडणीचं मानक आरएस-२३२. ते १९६० सालचं. त्यात पन्नास फुटांची, म्हणजे पंधरा मीटरची मर्यादा सांगितलेली. आता काटा असतो फाटकाजवळ आणि मालकाला संगणक हवा असतो ऑफिसात, तिथून दीडशे फूट आत. वायर ओढली जायची. बहुतेक वेळा चालायचीही, कारण वजनाचे आकडे फार सावकाश जातात. पण बाजूला इंडक्शन भट्टी पेटली, की तिच्या विजेचा गोंगाट त्या लांब वायरीत शिरायचा. मग आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हं उमटायची. भट्टी थांबली, की सगळं पुन्हा ठीक.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकायला हवी होती. वायरीची मर्यादा ओलांडली, की यंत्र ताबडतोब बंद पडत नाही. ते कधी चालतं, कधी चालत नाही. आणि न चालण्याचं कारण आपण भलत्याच ठिकाणी शोधतो.

या सगळ्या भोकांच्या पसाऱ्यावर तोडगा निघाला १९९६ साली. त्याचं नाव यूएसबी. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमध्ये या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे आपल्या शेजारचेच म्हणायचे. वडोदऱ्यात वाढले, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. घरात साधा प्रिंटर जोडायलाही किती खटपट पडते हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं त्यांनीच सांगितलं आहे. २०१३ साली त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. आमच्या गावी दुष्काळात मी वायरी चाचपत होतो, तेच हे वर्ष!

यूएसबीनं सांगितलं, भोक एक, वायर एक, तिच्यातूनच माहिती जाईल आणि तिच्यातूनच वीजही जाईल. एका नियंत्रकावर १२७ उपकरणं जोडता येतील.

हा १२७ चा आकडा दुकानदारांना फार आवडला. मीही तो गिऱ्हाइकांना सांगायचो. "एकशे सत्तावीस जोडा, काही होत नाही!" पण हा आकडा म्हणजे फक्त नंबरांची संख्या आहे. प्रत्येक उपकरणाला सात बिटांचा एक क्रमांक मिळतो. सात बिटांत १२८ क्रमांक बसतात. त्यातला शून्य नव्यानं आलेल्या, अजून नाव न मिळालेल्या उपकरणासाठी राखून ठेवलेला. राहिले १२७. आणि त्यात हबसुद्धा मोजायचे. शाळेच्या हजेरीपटावर १२७ ओळी आहेत, म्हणून वर्गात १२७ मुलं बसतील असं होत नाही. बाक किती, हवा किती, हेही पाहावं लागतं.

यूएसबीच्या मानकात हे बाक आणि ही हवा स्पष्ट लिहिलेली आहे. एका ओळीत पाचपेक्षा जास्त हब जोडायचे नाहीत. दोन जोडांमधली केबल पाच मीटरपेक्षा लांब नको. माउस-कीबोर्डसारख्या सावकाश उपकरणांना जी पक्की जोडलेली केबल असते, ती तीन मीटरच्या आत. आणि प्रत्येक पोर्टमधून किती वीज घ्यायची त्याचाही हिशोब.

आता हे पाच मीटर आले कुठून? कुणी टेबलावर बसून ठोकून दिलेला आकडा नाही तो. यूएसबीच्या मूळ पद्धतीत उपकरण आपणहून बोलत नाही. संगणक एकेकाला नाव घेऊन विचारतो, "माउस, काही सांगायचंय? प्रिंटर, तुला?" ज्याला विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं. उत्तरासाठी संगणक थांबतो किती? साधारण दीड मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. तेवढ्यात उत्तर आलं नाही, की तो समजतो, इकडे कुणी नाही. तांब्याच्या तारेत सिग्नलला पाच मीटर जायला सव्वीस नॅनोसेकंदांपर्यंत वेळ धरलेला आहे. मधला प्रत्येक हब त्यात आपली भर घालतो. पाच हब आणि सहा केबली, जाऊन-येऊन, शिवाय उपकरणाला उत्तर तयार करायला लागणारा वेळ, असा सगळा हिशोब त्या दीड मायक्रोसेकंदात बसवलेला आहे. म्हणून पाच मीटर, म्हणून पाच हब. मास्तरांनी नाव पुकारलं आणि मुलगा पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला असला, तर तो "हजर" म्हणेपर्यंत मास्तरांनी गैरहजेरी मांडलेली असते. मुलगा शाळेत असतो, पण पटावर नसतो.

ही झाली माहितीची बाजू. विजेची बाजू याहून गंभीर, आणि आमच्या केंद्रावर तीच नडली.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. हिरवी आणि पांढरी माहितीसाठी, लाल आणि काळी विजेसाठी. वीज पाच व्होल्टची. त्या वेळच्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टमधून एका उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळायचे. आता हबचं बघा. हबला स्वतःचा अडॅप्टर जोडलेला असेल, तर तो प्रत्येक पोर्टला पूर्ण ५०० देऊ शकतो. पण अडॅप्टर नसेल, तर त्याला संगणकाकडून मिळालेल्या ५०० मध्येच सगळ्यांचं भागवायचं असतं. शंभर स्वतःला आणि उरलेले चार पोर्टांना शंभर-शंभर. माउसला तेवढं पुरतं. चार बोटांचे ठसे एकदम घेणाऱ्या, आत दिवा आणि कॅमेरा असलेल्या यंत्राला ते पुरत नाही.

दुसरं म्हणजे वायरीची जाडी. आपले बागाईतदार हे माझ्याआधी सांगतील. ठिबकची नळी प्रमाणापेक्षा लांब टाकली, की पहिल्या झाडाला पाणी भरपूर आणि शेवटच्या झाडाला ठिबकायलाही दाब उरत नाही. मोटर चालू असते, टाकी भरलेली असते, पण शेवटचं झाड वाळतं. विजेचं तसंच. केबलवर बारीक अक्षरात २८ किंवा २४ असा गेजचा आकडा छापलेला असतो. सुताच्या काउंटसारखंच हेही उलटं असतं, आकडा मोठा तितकी तार बारीक. विजेच्या तारा २८ गेजच्या असतील आणि केबल पाच मीटरची असेल, तर जायला पाच आणि यायला पाच मिळून दहा मीटर तार होते. तिचा रोध सुमारे २.१ ओहम. तिच्यातून ५०० मिलिअँपिअर गेले, की एक व्होल्टहून जास्त वाटेतच गळतो. निघाले पाच, पोचले चारच्या आत. तीच तार २४ गेजची असेल, तर गळती ०.४ व्होल्टच्या आसपास राहते. दिसायला दोन्ही केबली काळ्या, दोन्ही सारख्या. स्वस्त कुठली, हे सांगायला नकोच.

आता परत त्या गावात येऊ.

त्या केंद्रावर एक लॅपटॉप होता. त्याला बोटांचं यंत्र, डोळ्यांचं यंत्र, कॅमेरा, माउस, प्रिंटर आणि लोकांना आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते पाहता यावं म्हणून दुसरा पडदा. लॅपटॉपला यूएसबीची भोकं तीन. म्हणून माझ्याकडून हब नेलेला. खोलीत अंधार, फोटो नीट येईना. म्हणून कॅमेरा आणि बोटांचं यंत्र खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेलं आणि लॅपटॉप पलीकडे, प्लगजवळ. मध्ये एक लांब एक्स्टेंशन केबल, तीही माझ्याकडचीच. यूएसबी २.० च्या मानकात अशा एक्स्टेंशन केबलीला जागाच नाही. तरी आम्ही सगळे त्या विकत होतो, लोक घेत होते.

मग सकाळी चालतं आणि दुपारी चालत नाही, हे कसं? पोरगा हुशार. त्यानं टोकनची वही ठेवली होती. कुणाची नोंदणी झाली, कोण परत गेलं, किती वाजता, सगळं लिहिलेलं. परत गेलेल्यांची दोन पानं भरली होती. मी वेळा पाहत गेलो. जवळजवळ सगळी नावं साडेबारा ते साडेतीनच्या मधली. भिंतीवर भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्या दिवसांत लाईट जायची तीही साधारण तेव्हाच.

लाईट गेली, की लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालायचा, पंखाही चालायचा. म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. पण हबचा अडॅप्टर खिडकीजवळच्या दुसऱ्या प्लगमध्ये होता. तो प्लग इन्व्हर्टरवर नव्हता. लाईट गेली की अडॅप्टर बंद, आणि हब लॅपटॉपच्या विजेवर, त्या लांब वायरीच्या टोकाला, उपाशी. माउस चालायचा. कॅमेऱ्याचं चित्रही कसंबसं दिसायचं. बोटांच्या यंत्राचा दिवा लागायचा, पण ठसा घ्यायची वेळ आली की त्याचा दम संपायचा. आणि पडद्यावर फक्त एवढंच यायचं, की ठसा मिळाला नाही. वीज कमी पडली, असं यंत्र म्हणत नाही. ते सांगण्याइतकी वीजही त्याच्याकडे नसते, म्हणा ना!

लाईट गेलेली असतानाच आम्ही बदल केले. एक्स्टेंशन केबल काढून टाकली. बोटांचं यंत्र आणि डोळ्यांचं यंत्र थेट लॅपटॉपला लावलं. हबवर ठेवले फक्त माउस आणि कॅमेरा, आणि हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये. प्रिंटर काही लाईट नसताना चालणार नव्हताच. आणि लॅपटॉपचं टेबल उचलून खिडकीजवळ नेलं. वायर लांबवण्याऐवजी टेबल सरकवलं, एवढंच. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं.

आजी ओसरीतच बसल्या होत्या, एसटीची वाट पाहत. त्यांना परत बोलावलं. पाण्यानं हात धुवायला लावले, पुसले. उजव्या हाताची चार बोटं, डाव्या हाताची चार, दोन्ही अंगठे. एका झटक्यात उमटले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. म्हणाल्या, "म्हंजी हायेत माझी बोटं." मला त्यांच्याकडे पाहवेना.

पुढचे दोन दिवस आम्ही त्या दोन पानांवरच्या माणसांना कोतवालाकडून निरोप धाडले. बरेच आले आणि बहुतेकांचे ठसे लागले. सगळ्यांचे नाही, हेही सांगितलं पाहिजे. काहींच्या रेषा खरोखर झिजलेल्या होत्या. वीट, माती, चुना हाताळणाऱ्यांचं असं होतं. त्यांच्यासाठी डोळ्यांची नोंद असते, आणि ठसा न लागणाऱ्यांचीही नोंदणी करायची सोय नियमात आहे. आणि काही माणसं आलीच नाहीत. दुष्काळ होता. ती गाव सोडून कामाला गेली होती. जाताना, आपली बोटं सरकारला चालत नाहीत, एवढं मनात घेऊन गेली असतील. ती दोन पानं माझ्या हिशोबात कायम नावे राहिलेली आहेत.

हब विकताना मी सांगायला हवं होतं, की अडॅप्टर लाईट नसतानाही चालू राहिला पाहिजे. एक्स्टेंशन मागितली तेव्हा विचारायला हवं होतं, की कशासाठी हवी? मी १२७ चा आकडा सांगितला आणि पाच मीटरचा गाळला. विकणाऱ्याला मोठा आकडा आवडतो.

श्रोतेहो, हे जुनं झालं असं समजू नका. पुढे २००८ साली मानक ठरलेलं यूएसबी ३.० सर्वत्र आलं, त्यात पोर्टला ९०० मिलिअँपिअर मिळू लागले आणि वेग दसपटीनं वाढला. पण वेग वाढला तशी केबल आणखी आखूड झाली. चांगल्या केबलीलाही तिथं तीन मीटरच्या पुढे भरवसा नाही. २०१४ साली टाइप-सी आलं, जे सुलटं-उलटं कसंही बसतं. युरोपात तर २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या मोबाइलना तेच बंधनकारक झालं. मूळचं यूएसबी असं दोन्हीकडून बसणारं का नव्हतं? तसं केलं असतं तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं अजय भट्ट यांनी सांगितलं आहे. आता भोक खरंच एक झालं, पण नवी गंमत अशी, की तोंड सारखं असलं तरी पोट सारखं नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन टाइप-सी केबलींपैकी एक नुसती मोबाइल चार्ज करते आणि माहिती रांगत नेते, दुसरी लॅपटॉपही चार्ज करते आणि पडदाही चालवते. काही स्वस्त चार्जिंग केबलींत तर माहितीच्या तारा नसतातच.

मग लांब जायचंच असेल तर? त्यासाठी वेगळी वाट आहे. वजनकाट्यावर आता आरएस-४८५ लावतात. दोन पिळलेल्या तारांवरून ते बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकतं. दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच चढतो आणि पलीकडे फक्त दोघींतला फरक वाचला जातो, म्हणून शेजारी भट्टी असली तरी निभावतं. ऑफिसात प्रिंटर दूर ठेवायचा असेल, तर तो यूएसबीनं ओढू नये, नेटवर्कची केबल टाकावी. ती एका दमात शंभर मीटर जाते, मध्ये स्विच टाकला की पुढचे शंभर. आणि दोन वेगवेगळ्या इमारतींमध्ये यूएसबीची वायर तर कधीच नको. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसतं आणि आपल्याकडे मृगाच्या आधीच्या विजा कशा असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

घरी किंवा दुकानात काय करावं, तेही थोडक्यात सांगतो. ज्याला जास्त वीज लागते, म्हणजे ठसे घेणारं यंत्र, बाहेरची हार्ड डिस्क, ते थेट संगणकाला लावा. माउस-कीबोर्ड हबवर जाऊ द्या. हब घ्याल तर अडॅप्टरवाला घ्या आणि तो अडॅप्टर लावा. केबल लागेल तेवढीच घ्या. जादा लांबी ही सोय नसते, गळती असते. हबला हब आणि त्याला पुन्हा हब जोडत बसू नका. आणि एखादं यंत्र मधूनच दिसेनासं होत असेल, तर ते बिघडलं असं ठरवण्याआधी वायर बदलून बघा. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक यंत्रांचं औषध माझ्या दुकानात एवढंच असतं.

पण मला तुमच्याकडे खरं मागणं वेगळं मागायचं आहे. आज बँकेच्या खिडकीवर, सेवा केंद्रावर, रेशनच्या दुकानात अंगठा लावायची वेळ रोज कुणावर तरी येते. श्रावणबाळचे पैसे, निराधारचं अनुदान, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. तिथं यंत्रानं नकार दिला, की आपण सगळे आधी माणसाकडे बघतो. बोटं कोरडी, बोटं झिजलेली, नीट दाबत नाहीस. आणि तो माणूसही ते मान्य करतो, कारण यंत्र खोटं बोलणार नाही अशी त्याची श्रद्धा असते. यंत्र खोटं बोलत नाही हे खरंच आहे. पण ते अर्धवट बोलतं. ठसा मिळाला नाही, एवढंच ते सांगतं. का मिळाला नाही, ते आपण शोधायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्यासमोर एखाद्या आजीला कुणी "उद्या या" म्हणालं, तर एवढं विचारा, "दादा, मशीन दुसऱ्या पोर्टात लावून बघता का? ती लांब वायर काढून बघता का?" दोन मिनिटांचं काम आहे. आजीची एक एसटी वाचेल.